शिट्टी कोणाच्या गळ्यात? खानदेशातल्या स्काउट पथकांची पारख

जून उजाडला की शाळेतून एक चिठ्ठी घरी येते: स्काउट-गाईड, आरएसपी (रस्ता सुरक्षा पथक), एमसीसी (महाराष्ट्र कॅडेट कोर), यांपैकी एकावर खूण करा. निम्म्या घरांत गणवेश कुठला स्वस्त पडेल ते बघून खूण होते, उरलेल्यांत शेजारच्या पोऱ्याने कशावर केली ते बघून. ही पारख त्या खुणेच्या आधी वाचायची आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. मूल पाचवी-सहावीत असेल, पथक दर आठवड्याला भरत असेल आणि वर्षातून दोन रात्री तरी तंबूत काढत असेल, तर एवढ्या थोड्या पैशांत एवढं शिकवणारा दुसरा वर्ग जळगाव-धुळ्यात सापडणार नाही. पथक फक्त १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला गणवेशात दिसत असेल, तर मूल गल्लीत क्रिकेट खेळलेलं बरं. तिथे निदान कॅप्टन तरी पोरंच निवडतात.

खानदेशात स्काउटिंगला तीन दारं आहेत. पहिलं शाळेचं पथक. दुसरं खुला गट, म्हणजे कुठल्याही एका शाळेशी न बांधलेला, वस्तीतल्या मुलांना घेणारा, बहुधा रविवारी सकाळी भरणारा. तिसरं दार भुसावळचं. भारत स्काउट्स अँड गाईड्सच्या रचनेत रेल्वेला स्वतंत्र राज्याचा दर्जा आहे. मध्य रेल्वे हे एक राज्य आणि भुसावळ विभाग हा त्यातला जिल्हा. त्यामुळे भुसावळात एकाच गल्लीतली दोन पोरं, एक रेल्वेच्या गटातलं आणि एक शाळेच्या पथकातलं, वेगवेगळ्या ‘राज्यां’तून परीक्षा देतात. अभ्यासक्रम, वचन, नियम सगळं तेच.

शाळेच्या पथकाचा फायदा उघड आहे: मैदान फुकट, मुलं हाताशी, फी नावापुरती. पण स्काउट मास्तर हा आधी शिक्षक असतो. निवडणूक, सर्वेक्षण, पोषण आहाराच्या नोंदी हे सगळं उरकून वेळ उरला तर स्काउट. त्यांची बदली झाली की बहुतेक पथकं त्याच महिन्यात झोपतात. खुल्या गटात दोन-तीन मोठी माणसं असतील तर हा धोका कमी; एकाच उत्साही माणसावर चाललेला खुला गट मात्र शाळेच्या पथकाहून कच्चा. भेटीला गेलात की हे पहिल्यांदा विचारा: सर एक महिना आजारी पडले तर बैठक कोण घेणार?

ज्यासाठी मूल तिथे घालायचं, ते नेतृत्व येतं कुठून? संचलनातून नाही, भाषणातून तर नाहीच. १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीस मुलांचं पहिलं स्काउट शिबिर झालं, तेव्हा त्या मुलांचे चार लहान गट पाडले आणि प्रत्येकाला त्यांच्यातलाच एक नायक दिला. आजही सगळं त्याच पायावर उभं आहे. सहा ते आठ मुलांचा एक संघ, कुणी त्याला पेट्रोल म्हणतं; असे तीन-चार संघ मिळून पथक; पथकाची कमाल संख्या ३२. संघनायक मुलांमधलाच. त्याने संघाची बैठक घ्यायची, कामं वाटायची, सामानाची यादी ठेवायची. सगळे संघनायक आणि मास्तर मिळून मानसभा भरते, आणि पुढच्या महिन्यात काय करायचं ते तिथे ठरतं. मानसभा भरतच नसेल, तर ‘आमच्याकडे लीडरशिप डेव्हलप होते’ ही पत्रकावरची ओळ पत्रकापुरतीच समजा.

म्हणून पथक बघायला जाल तेव्हा झेंड्याकडे आणि गणवेशाच्या इस्त्रीकडे बघू नका. शिट्टी किती वेळा वाजते ते मोजा. दीड तासाच्या बैठकीत मास्तरांना पंधरा-वीस वेळा शिट्टी मारावी लागत असेल, तर तिथे एक मोठा माणूस तीस पोरांना हाकतोय, एवढंच. चांगल्या पथकात मास्तर चार संघनायकांना बोलावून पाच मिनिटं बोलतात आणि मग झाडाखाली जाऊन बसतात. पुढचा गोंधळ, रुसवे, चुका सगळं संघात चालतं. बाहेरून बघणाऱ्याला ते बेशिस्त वाटतं. खरी बैठक अशीच दिसते.

बैठकीत काय चाललंय तेही बघावं. चाचणीचे खेळ साधे असतात. किम्स गेममध्ये २४ वस्तू एका मिनिटासाठी दाखवतात, मग झाकतात. १६ आठवल्या तर पास. गाठी शिकवताना दोर हातात फिरत असेल तर ठीक, फळ्यावर गाठीचं चित्र काढून वहीत उतरवून घेत असतील तर उठा. रीफ नॉट, शीट बेंड, क्लोव्ह हिच, बोलाइन, शीपशँक, फिशरमन्स नॉट यांतली प्रत्येक गाठ एका कामाची आहे, आणि मुलाला नावाआधी काम सांगता आलं पाहिजे. रीफ नॉट पट्टीला, सारख्या जाडीच्या दोन टोकांना. जाड-बारीक दोर जोडायला शीट बेंड. कमरेला बांधून माणूस ओढायचा तर बोलाइन, कारण ती आवळत नाही. रीफ नॉटने दोन वेगळ्या जाडीचे दोर जोडणारा संघनायक दिसला की समजा, गाठी परीक्षेपुरत्या शिकवल्यात.

एका गोष्टीवरून पथकाची खरी पातळी पाच मिनिटांत कळते: चौरस बांधणी. दोन बांबू काटकोनात बांधायचे, त्यावर तुमचा मुलगा उद्या बसणार. मनगटाएवढ्या बांबूंना ६ मिलिमीटर जाडीचा, साधारण ३ मीटर दोर लागतो. सुरुवात उभ्या बांबूवर, आडव्याच्या लगेच खाली, क्लोव्ह हिचने. सुटं टोक लांब दोरात पिळून टाकायचं. मग दोर आडव्याच्या पुढून वर, उभ्याच्या मागून पलीकडे, आडव्याच्या पुढून खाली, पुन्हा उभ्याच्या मागून. असे तीन फेरे, प्रत्येक फेरा आधीच्याला लागून, एकमेकांवर चढू न देता. त्यानंतर दोन बांबूंच्या मधल्या फटीतून दोन-तीन आवळते वळसे, आणि शेवट आडव्या बांबूवर क्लोव्ह हिचने. बिघडतं ते नेहमी दोन ठिकाणी. पहिली गाठ आडव्या बांबूवर मारली की सगळी बांधणी सरकते. आणि आवळते वळसे टाळले की बांधणी दिसायला छान, बसलं की खाली. नायलॉनची दोरी स्वस्त आणि रंगीत मिळते म्हणून बरेच गट तीच घेतात. गुळगुळीत बांबूवर ती घसरते. काथ्याचा किंवा सुती दोर हवा. ओल्या, ताज्या तोडलेल्या बांबूची बांधणी तो वाळला की सैल होते, तेव्हा चार दिवसांच्या शिबिरात रोज सकाळी प्रत्येक बांधणी हलवून बघणं हे संघनायकाचं काम. ते तो न सांगता करतो का, हे बघा. संघनायकपद कळायला एवढं पुरे.

आता टप्पे. दहा वर्षांच्या आतलं मूल कब (मुलगे) किंवा बुलबुलमध्ये (मुली) जातं; दहा पूर्ण झाल्यावर मुलगा स्काउट, मुलगी गाईड. तिथे प्रवेश, मग प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. प्रवेशाला तीन महिने, प्रथम सोपानाला सहा, द्वितीय आणि तृतीयाला नऊ-नऊ. बेरीज सत्तावीस महिने, तीही एकही खंड न पडता. म्हणजे आठवीत दाखल झालेलं मूल तृतीय सोपानाला पोचतं तेव्हा दहावीच्या वर्षात असतं आणि आई-बाबा स्काउट बंद करायला सांगतात. पाचवीत घातलं तर तेच मूल सातवीत तिथे पोचतं आणि पुढच्या पुरस्कारांना वेळ उरतो. उशिरा घालायचंच असेल तर घाला, पण पुरस्काराच्या आशेने नको.

सोपान वेळेत होतात हे जितकं बरं, तितकंच ते फार भराभर होत असतील तर संशयास्पद. तीन दिवसांच्या एका शिबिरात साठ मुलांचे सोपान ‘काढून’ देणारे गट आहेत. तिथली लॉगबुकं उघडून बघा: साठच्या साठ वह्यांत तेच चित्र, तीच वाक्यं, त्याच खाडाखोडी. अशा मुलाला पुढच्या चाचणी शिबिरात होकायंत्र हातात दिलं की घाम फुटतो. आपल्या भागात होकायंत्र वापरणं खरं तर सोपं, कारण चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक खानदेशात एक अंशाहून कमी आहे, दुरुस्ती करत बसावं लागत नाही. चूक होते ती होकायंत्र लोखंडी पट्ट्याजवळ किंवा मोबाइलवर ठेवून वाचल्यामुळे.

शिबिराबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण पैसे खर्च होतात ते इथे आणि फसवणूक होते तीही इथेच. शिबिराला केटरर असेल तर ती सहल आहे. खऱ्या शिबिरात प्रत्येक संघ आपली चूल मांडतो. आठ जणांच्या खिचडीला ८०० ग्रॅम तांदूळ, ३०० ग्रॅम तूरडाळ, उघड्या पातेल्यात चारएक लिटर पाणी. मोजमाप मुलांनीच करायचं. पहिल्या दिवशी हमखास काय होतं ते ठरलेलं आहे. पोरं पराट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, गोळा करून आणतात, कारण कपाशी निघालेल्या शेताच्या बांधावर त्या पडलेल्याच असतात. पराट्या भडकन पेटतात आणि तितक्याच पटकन विझतात, निखारा धरत नाहीत. पाणी उकळतं, विस्तव बसतो, डाळ दाताखाली येते. मग संघनायक दोघांना बाभळीच्या वाळक्या लाकडासाठी पाठवतो, तोवर साडेनऊ झालेले असतात. त्या रात्री अर्धी कच्ची खिचडी आठ जण मिरचीच्या ठेच्याबरोबर खातात. चांगले मास्तर लांबून हे सगळं बघतात आणि मध्ये पडत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच संघाने लाकडं दुपारीच आणलेली असतात, डाळ भिजत घातलेली असते आणि पातेल्याच्या बुडाला बाहेरून माती लावलेली असते, म्हणजे काजळी घासत बसायला नको. पहिल्याच रात्री मास्तरांनी ‘द्या इकडे’ म्हणून डाव हातात घेतला असता, तर दुसरा दिवस असा आला नसता.

बिनभांड्यांच्या स्वयंपाकात मात्र खानदेशी मुलांना कुणी हात धरू शकत नाही. वांगी पराट्यांवर भाजायची हे घरातलंच. त्या कामाला पराटीची उभी आच अगदी योग्य. बट्टीचं पीठ जाडसर, त्यात थोडा मका, ओवा, हळद. गोळे गोवऱ्यांच्या राखेत पुरायचे. निखारा धगधगीत असताना पुरले तर वरून कोळसा, आतून कणीक. गोवरी पूर्ण पांढरी होईपर्यंत थांबलं पाहिजे. पानं पळसाची, हात धुवायला राख.

खरी कमाईचं एक वेगळंच दुखणं आहे. कल्पना सुंदर: मुलांनी स्वतः काम करून चार पैसे मिळवायचे. प्रत्यक्षात शाळेच्या पटांगणात स्टॉल लागतात, पाणीपुरी आईने केलेली, भेळ मावशीने, मुलगा फक्त कागदी प्लेट पुढे करतो आणि कमाई वहीत त्याच्या नावावर चढते. ही खरी कमाई आईची. चांगल्या पथकात त्या दिवशी सायकली पुसणं, पंक्चर काढणं, पुस्तकांना कव्हर घालणं अशी कामं असतात, आणि मुलं हिशेब मांडून दाखवतात: मालाला किती लागले, हातात किती उरले.

जागांबद्दल थोडं. धुळ्याच्या मुलांना लळिंगचा किल्ला एका दिवसाच्या चालीला उत्तम, लहान कबही चढतात. पण सावली नाही, साडेदहाच्या आत उतरायला हवं. चाळीसगावच्या बाजूला पाटणादेवीचा परिसर गौताळा अभयारण्यात येतो. पाटणच्या शिलालेखामुळे या जागेचं भास्कराचार्यांशी नातं आहे, आणि त्यांच्या गणितात सावलीवरून उंची काढण्याचं स्वतंत्र प्रकरण आहे. स्काउटची उंची मोजण्याची चाचणी त्याच रीतीची: दीड मीटरच्या काठीची सावली १ मीटर पडली आणि झाडाची ८ मीटर, तर झाड १२ मीटर. चाचणी घ्यायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही, तरी बहुतेक गट तिथे नेऊन दर्शन आणि धबधबा दाखवून परत आणतात. यावल तालुक्यातली मनुदेवी, रावेरकडचं पाल, नंदुरबारचं तोरणमाळ या सातपुड्यातल्या जागा मुक्कामाला चांगल्या. तोरणमाळ हजार मीटरहून उंच आहे. डिसेंबरात तिथे एका पातळ ब्लँकेटवर भागत नाही. अभयारण्यात वनविभागाची परवानगी आधी काढावी लागते आणि शेकोटीला ती मिळेलच असं नाही. परवानगीचा कागद दाखवायला सांगा. ‘चालतं भो, आपली ओळख आहे’ हे उत्तर मिळालं तर पोराला घरीच ठेवा.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आपल्या उन्हात मार्चनंतर दिवसभराची चाल म्हणजे वेडेपणा. शाळेला सुट्टी एप्रिल-मेमध्ये असते म्हणून शिबिर तेव्हा ठेवणारे आहेत, त्यांना साफ नाही म्हणा. थंडीतही चालीला माणशी ३ लिटर पाणी. मीठ-साखरेचं पाणी संघातल्या प्रत्येकाला करता आलं पाहिजे: १ लिटर पाणी, चहाचे सपाट सहा चमचे साखर, चहाचा अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकलं की फायद्याऐवजी अपाय.

तंबूची गोष्ट काळ्या मातीची आहे. कोरडी असताना भेगा, खुंटी भेगेत सैल बसते. पाऊस पडला की लोण्यासारखी, खुंटी बोटाने उपसते. डोंगरी भागातली नऊ इंची लोखंडी खुंटी इथे कामाची नाही. दीड फुटी लाकडी खुंटी, तंबूपासून बाहेर झुकलेली, आणि ताणाच्या दोराला आडवा दगड पुरून आधार. सातपुड्याच्या पायथ्याशी नाल्याची वाळू सपाट, मऊ, मोहात पाडणारी असते. तिथे तंबू ठोकू देणारा लीडर सोडा. वर डोंगरात पाऊस झाला की खाली आभाळ कोरडं असतानाही लोंढा येतो.

लीडरला विचारायचा एकच प्रश्न निवडायचा तर हा: शिबिरात मुलाला साप चावला तर काय कराल? ‘वर घट्ट दोरी बांधू, ब्लेडने चीर देऊ’ असं उत्तर आलं तर त्यांचं प्रथमोपचाराचं ज्ञान जुन्या पुस्तकातलं आहे आणि धोक्याचं आहे. बरोबर उत्तर असं: मुलाला चालू द्यायचं नाही, तो अवयव काठी बांधून स्थिर ठेवायचा, अंगठी-कडं काढायचं, आणि सर्पविषावरची लस असलेल्या सरकारी रुग्णालयात थेट न्यायचं. ते रुग्णालय कुठलं आणि रात्री गाडी कोणाची, हे त्यांना आधीच माहीत असलं पाहिजे.

मुलींच्या पालकांसाठी: गाईड कंपनीची, म्हणजे मुलींच्या पथकाची, प्रमुख बाई असते, ती शिबिरात मुक्कामाला असलीच पाहिजे. दिवसा येऊन रात्री घरी जाणाऱ्या बाई चालणार नाहीत. मुलगा असो वा मुलगी, एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल अशी वेळ तंबूत, गाडीत, कुठेच येऊ नये, दोन मोठी माणसं हवीतच. हे विचारलं म्हणून कुणाला राग आला, तर त्या रागातच उत्तर आहे. खानदेशात गाईडच्या कंपन्या मुळात कमी, आणि मुलगी सातवीत गेली की ‘आता मुक्काम नको’ म्हणून घरून नाव कापलं जातं. त्यामुळे जिथे आठवी-नववीच्या मुली टिकून आहेत ती कंपनी डोळे झाकून चांगली समजा.

कागद दोन बघायचे: गटाची चालू वर्षाची नोंदणी आणि लीडरचं वॉरंट, म्हणजे नेमणूकपत्र. लीडरने किमान बेसिक कोर्स केलेला असावा. हिमालय वुड बॅज हे त्यावरचं प्रशिक्षण असेल तर उत्तमच, त्या लीडरच्या गळ्यात चामडी दोरीत दोन लाकडी मणी असतात. राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पचमढीला आहे. भुसावळहून इटारसीमार्गे पिपरियाला उतरायचं आणि वर जायचं, म्हणजे खानदेशातल्या लीडरला ‘लांब पडतं’ ही सबब नाही.

वाढीव गुण आणि रेल्वे भरतीतला स्काउट कोटा, दोन्ही खरं आहे. पण दोन्हींसाठी वरचे पुरस्कार आणि सलग वर्षं लागतात. नुसती नोंदणी करून काही मिळत नाही. कोट्याचं आमिष दाखवून आगाऊ पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा.

गणवेश पहिल्या दिवशी घेऊ नका. पहिले तीन महिने साध्या कपड्यांत काढायचे असतात. दीक्षाविधी, म्हणजे वचन घेण्याचा कार्यक्रम, होईपर्यंत मुलाला गणवेशाचा हक्कच नाही, आणि टिकेल की नाही तेही तोवर कळतं. दीक्षेच्या आठवड्यात राखाडी शर्ट, नेव्ही ब्लू पँट, पट्टा, टोपी घ्या. शर्ट एक माप मोठा, कारण सहावी ते आठवी पोरं झपाट्याने वाढतात. बूट मात्र मापाचेच, आणि पहिल्या चालीआधी दोन आठवडे शाळेत घालून नरम झालेले. स्कार्फ खऱ्या सुती कापडाचा मागा. दुकानात चकचकीत सिंथेटिक पुढे करतात. मोडलेल्या हाताला झोळी बांधायची वेळ आली की तो घसरतो आणि गाठ सुटते.